आडनावाचं सुतक

आमचं आडनाव मी इथे सांगणार नाही. कारण साधं आहे. त्या आडनावाच्या एखाद्या माणसाने हे वाचलं, तर तो पत्ता काढत दारात उभा राहील, आणि मग त्याला जेवायला घालावं लागेल. आमच्या आडनावाच्या इतक्या माणसांना मी लहानपणापासून वाढलं आहे की आता पुरे झालं. शिवाय माझ्या बाबतीत बापाचं आडनाव आणि नवऱ्याचं आडनाव एकच. लग्न झालं तरी मला माझं आडनाव बदलावं लागलं नाही. ते कसं, तेच सांगायला बसले आहे.

आडनाव सांगितलं की समोरचा माणूस आधी "काय?" असं विचारायचा. पुन्हा सांगितलं की, "कुठले म्हणायचे तुम्ही?" मी रत्नागिरीत जन्मलेली, रत्नागिरीच्या विहिरीचं पाणी प्यायलेली, तरी माझ्याच गावात मला कुठली म्हणून विचारायचे. मुलींच्या शाळेत नवीन बाई आल्या की हजेरी घेताना माझ्यापाशी येऊन अडायच्या. मला त्याचा मनस्वी राग यायचा. बाबांना मात्र कुणी विचारलं की गुदगुल्या होत. "बसा, सांगतो," म्हणत, आणि विचारणाऱ्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजावं.

बाबा बंदरावर आगबोटीच्या कचेरीत होते. माल नोंदवायची खिडकी त्यांच्याकडे. मुंबईला जाणाऱ्या आंब्याच्या पेट्या, सुक्या मासळीचे गठ्ठे, चाकरमान्यांच्या ट्रंका, सगळ्यांवर पाठवणाऱ्याचं नाव असे. दिवसभर नावं वाचणाऱ्या माणसाला आपलं नाव कुठेच दिसत नाही, हे बाबांना फार लागत असावं. म्हणून वर्षातून दोन-तीन वेळा कुठल्या तरी पेटीवर आमचं आडनाव दिसलं की ते टाक खाली ठेवत, खिडकी दुसऱ्याच्या हवाली करत आणि त्या पेटीच्या मालकाला शोधायला धक्क्यावर धावत. माणूस सापडला की त्याला घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत घरी. पाखाडीच्या खालच्या वळणावरूनच हाक यायची, "अगो, आपला माणूस आलाय! पान वाढ!"

चिपळूणचा एक नावाडी असा आला होता. संगमेश्वरचा एक भुसारी दुकानदार आला होता. मुंबईला गिरणीत असलेला एक जण तर आमच्याकडे जेवता जेवता मूळपुरुषाची हकीकत ऐकत बसला आणि तिकडे त्याची बोट सुटली. पुढची बोट येईपर्यंत तो आमच्या ओटीवर राहिला. बाबांना वाटलं, किती जीव लावणारा माणूस!

आडनाव कुठून आलं याची प्रत्येकाची वेगळी कथा. नावाडी म्हणाला, आपले पूर्वज मालवणकडे गलबतं बांधायचे. दुकानदार म्हणाला, छे, आपण घाटावरून मिठाच्या बैलांबरोबर खाली उतरलो. गिरणीवाल्याला ठाम माहीत होतं की आपण फिरंग्यांच्या त्रासाला कंटाळून गोव्याकडून वर आलो. बाबांनी एकालाही खोटं पाडलं नाही. सगळ्या कथा त्यांनी पोटात घेतल्या. त्यामुळे आमचा मूळपुरुष एकाच वेळी मालवणात गलबत बांधत होता, घाटात बैल हाकत होता आणि फिरंग्यांपासून पळतही होता. मी एकदा म्हटलं, "बाबा, एवढी कामं असताना त्याने लग्न कधी केलं?" आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "तेच शोधायचं आहे, बाय."

पावसाळ्यात बोटी बंद. बंदर ओस पडायचं आणि बाबांना वेळच वेळ. मग ते ओटीवर काजूच्या बिया मांडत. खडूने किनारा ओढायचा आणि जिथे आमच्या आडनावाचं घर असेल तिथे एक बी ठेवायची. सगळ्या कोकणात मिळून त्या बिया बाबांच्या एका मुठीत मावत. चिपळूणला एक, संगमेश्वरला दोन, दापोलीकडे एक, मुंबई म्हणून दाराच्या उंबऱ्याजवळ थोड्या. एकदा माझ्या धाकट्या भावाने संगमेश्वरची शाखा भाजून खाल्ली. बाबांनी त्याला ओरडा दिला आणि नव्या बिया आणून घरं पुन्हा वसवली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं. पण बाबा सुतकही धरत. भावकीत कुणी गेलं तर जवळच्यांचं दहा दिवस, लांबच्यांचं तीन, त्याहून लांबच्यांची नुसती आंघोळ, अशी आमच्याकडची रीत. बाबांना लांबचा हा शब्दच मान्य नव्हता. "मुठीत मावेल एवढी माणसं आपण. त्यात जवळचं काय आणि लांबचं काय?" धक्क्यावर एकदाच भेटलेल्या माणसाचंही ते दहा दिवस धरत. देवाची पूजा बंद, देवळात जायचं नाही, शेजारी आमच्या घरचं पाणीही प्यायचे नाहीत. आईने हे पुष्कळ सोसलं.

मग ते वर्ष आलं. दापोलीकडचा एक म्हातारा होता. दाव्याच्या तारखेला रत्नागिरीला आला असताना त्याची ट्रंक बाबांच्या खिडकीवर आली होती आणि तो एकदा आमच्याकडे जेवून गेला होता. तो श्रावणाच्या अखेरीला वारला. दापोलीहून बदलून आलेल्या एका शिपायाने ही बातमी बाबांना सांगितली, तेव्हा चतुर्थी चार दिवसांवर आली होती. बाबांनी तिथल्या तिथे आंघोळ केली आणि सांगितलं, आपल्याला सुतक आहे, गणपती आणायचा नाही.

कोकणात हे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमचा पाट मूर्तिकाराकडे कधीच पोचला होता. त्यावर मूर्ती बसली होती, डोळे तेवढे उघडायचे होते. थोरले काका, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, गावाहून मुद्दाम चालत आले. म्हणाले, "कोण कुठचा म्हातारा, त्याच्यासाठी देव दाराबाहेर ठेवतोस?" बाबा म्हणाले, "तुझ्या रक्तात भावकीच नाही." पुढे वर्षभर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. त्या चतुर्थीला आळीतल्या सगळ्या घरांतून आरत्या ऐकू येत होत्या आणि आम्ही भावंडं मागच्या पडवीत कानांत बोटं घालून बसलो होतो. मला बाबांचा इतका राग आला होता की मी त्या दापोलीच्या म्हाताऱ्याला, मेलेल्या माणसाला, मनातल्या मनात शिव्या दिल्या.

आणि त्याच म्हाताऱ्याच्या नातवाशी माझं लग्न झालं.

हे रत्नागिरीला तार-ऑफिसात लागले ते बऱ्याच वर्षांनी. तेव्हा मी फायनल पास होऊन घरी बसले होते आणि आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. ह्यांची ट्रंक बंदरावर उतरली, बाबांनी नाव वाचलं आणि ठरल्याप्रमाणे हाक आली, "अगो, आपला माणूस आलाय!" दापोलीच्या म्हाताऱ्याचा नातू म्हटल्यावर तर बाबांना काय करू नि काय नको असं झालं. दर रविवारी जेवायला यायचं, असा हुकूमच सुटला.

हे बोलत कमी. पहिल्या पावसाळ्यात बाबांनी काजूच्या बिया मांडून ह्यांना सगळी भावकी समजावली. बाबा मुंबईकडे वळले की हे दापोलीची बी हळूच उचलून थोडी समुद्रात सरकवून ठेवत. बाबा परत वळले की, "अरे, ही पाण्यात कशी गेली?" म्हणत बी किनाऱ्यावर घेत. हे गंभीर तोंडाने म्हणत, "भरती असेल." तिसऱ्या वेळी मी दाराआडून फिस्सकन हसले. ह्यांनी वर पाहिलं. त्यानंतर रविवार कधी येतो असं मला व्हायला लागलं. ह्यांनाही होत असावं, कारण हे ठरल्या वेळेच्या फार आधी येऊन ओटीवर बसत आणि बाबांचा मूळपुरुष निमूटपणे ऐकत.

बाबांनी ह्यांना हजार प्रश्न विचारले. गाव, घर, आज्याचा आजा, कुलदैवत. पण एक प्रश्न त्यांनी कधी कुणालाच विचारला नाही. आईच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. एका रविवारी भाताला कढी वाढता वाढता तिने ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्यात लग्नाला देवक कसला हो पुजतात?" देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नात त्याची डहाळी आणून पुजायची. ज्यांचं देवक एक ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. बाकी आडनाव जुळो न जुळो. आमचं देवक उंबर. हे म्हणाले, "कळंब." आईने "हो का?" म्हटलं आणि आणखी एक पळी कढी वाढली. बाबा त्या वेळी हात धुवायला गेले होते. ही गोष्ट आईने तेव्हा कुणालाच सांगितली नाही, मलासुद्धा नाही.

मग दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी बाबांनी जाहीर केलं की आज मी ह्यांना ओवाळणार. "दापोलीचा भाऊ घरात आहे, त्याला काय रिकाम्या कपाळाने पाठवायचं?" नाही म्हणू तर काय कारण सांगू? ओवाळलं तर सगळंच संपलं. पाट मांडला गेला, हे येऊन बसले, बसताना ह्यांच्याही तोंडावरची माशी हलेना. मी निरांजन घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर आईने तबक माझ्या हातून काढून घेतलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, "ती नाही हो ओवाळायची. तिला कावळा शिवलाय."

मला कावळा-बिवळा काही शिवला नव्हता. मी तोंड उघडणार तोच आईने परत येऊन माझा दंड धरला, मला मागच्या पडवीत नेऊन बसवलं आणि हळूच म्हणाली, "तीन दिवस हितून हलायचं नाय. आणि तोंड उघडलास तर खरंच ओवाळायला लावीन." तिने एवढं कधी आणि कसं ओळखलं होतं, कुणास ठाऊक. मी तीन दिवस त्या पडवीत वेगळ्या ताटात जेवले, घोंगडीवर निजले, आणि आयुष्यात इतकी सुखी क्वचितच झाले असेन. बाहेर बाबांनी ह्यांना सांगितलेलं ऐकू आलं, "पुढच्या वर्षी दुप्पट ओवाळणी घाल, म्हणजे झालं."

आता पुढच्या भाऊबीजेच्या आत काही तरी करायला हवं होतं. ह्यांनी घरी कळवलं आणि ह्यांच्या घरून निरोप आला की मुलगी पसंत आहे, सुपारी फोडायला येतो. आईने तो निरोप बाबांना सांगितला तेव्हा बाबा नुकते कचेरीतून येऊन पाय धूत होते. तांब्या तसाच हातात राहिला.

"भावाबहिणीचं लग्न लावायला निघालीस?"

"भाऊ कसला? त्यांचा देवक कळंब आहे. मी विचारलाय."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "देवक काय, पिढ्यापिढ्यांत बदलतं. मी त्याच्या आज्याचं सुतक धरलंय. दहा दिवस. घरात गणपती आणला नाही. ते परके असतील तर मी ते कुणासाठी केलं?"

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी विहिरीवर जाऊन खूप रडले. मला हे हवे होते, दुसरं कुणी नको होतं, पण बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यांनी जन्मभर जमवलेली माणसं त्या काजूच्या बियांएवढी होती, आणि त्यांतली एक काढून टाक म्हणून सांगायची पाळी माझ्यामुळे आली होती. सुपारी फोडायला येऊ नका, असंही बाबा कुणाला म्हणाले नाहीत. दारात येणाऱ्या आपल्या आडनावाच्या माणसाला नको म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

माघात ह्यांचे आईवडील आले. वडील उंच, हडकुळे, आंब्याच्या बागा करणारे. आई ठेंगणी आणि खणखणीत. आमच्याकडून थोरले काका आले. रीतीभाती काकांना विचारल्याशिवाय आमच्यात सुपारी फुटत नसे, आणि त्या गणपतीचा राग काकांच्या मनातून गेलेला नव्हता. सगळे ओटीवर बसले. मी आणि आई माजघराच्या दाराआड.

काकांनी घसा साफ केला आणि ह्यांच्या वडिलांना विचारलं, "देवक?"

"कळंब."

"आमचं उंबर. म्हणजे तिथे अडचण नाही." मग काका बाबांकडे वळले. त्यांना इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट होती तो उगवला होता. "पण हा माझा भाऊ तुमचं सुतक धरून बसला होता. देव दाराबाहेर ठेवला. सगळ्या गावाने बघितलं. ज्याचं सुतक धरलं तो भाऊ, आणि भावाच्या घरात मुलगी द्यायची रीत आपल्यात नाही. तेव्हा आधी हे सांगा, तुम्ही आमच्या आबांचं सुतक धरलं होतं काय?"

आबा म्हणजे आमचे आजोबा. ते गेले तेव्हा बाबांनी स्वतः कार्ड टाकून दापोलीला कळवलं होतं. ह्यांच्या वडिलांनी मान खाली घातली. बोलल्या त्या ह्यांच्या आई. "नाय वो. खोटा कशाला बोलू? आमाला म्हायत होता, आपला कूळ येगळा. कार्ड आला त्या दिवशी आमच्याकडं पुतणीचा साखरपुडा होता, वडे तळत होतं आमी. ह्ये जेवून उठलं." त्या बाबांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज उतरला. "पण तुमी इतक्या मायेनं लिवायचाव. आमच्या मामंजींना जेवायला घातलाव. तुमाला कसा सांगायचा, की आमी तुमचं कुनी नाय म्हनून?"

दाराच्या फटीतून मला बाबांचा फक्त हात दिसत होता. गुडघ्यावर ठेवलेला, शाईचे डाग असलेला. मला वाटलं, आता बाबा उठून बंदरावर निघून जाणार. आपण आपलं माणूस म्हणून ज्यांच्यासाठी देव आणला नाही, ते आपला बाप गेल्याचं कार्ड आलं त्या दिवशी वडे खात होते, हे चारचौघांत ऐकायचं म्हणजे काय!

काका सोडायला तयार नव्हते. त्यांनी आवाज चढवून बाबांना विचारलं, "त्यांचं त्यांनी सांगितलं. आता तू सांग. सगळ्यांसमोर सांग. हे तुझे कोण?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. मी त्यांना दिसत नव्हते, पण मी तिथेच आहे हे त्यांना माहीत होतं.

"कोणी नव्हेत," बाबा म्हणाले.

"मग ते सुतक?"

"ती माझी हौस होती. त्याचं काय असेल ते मी गणपतीशी बघून घेईन. तू सुपारी फोड."

अडकित्ता वाजला. ह्यांच्या आईने "बरा झाला गो बाय" म्हणत डोळ्यांना पदर लावला. काकांनी स्वतः साखर वाटली, आणि बाबांच्या हातावर ठेवताना थोडी जास्तच ठेवली. ओटीवर बोलण्याचा आणि हसण्याचा कालवा सुरू झाला. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं आणि मी दाराआड आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडत होते. दारात आलेल्या परक्यालाही आपलं म्हणणारा माझा बाप, माझ्यासाठी आपल्या माणसाला कोणी नव्हे म्हणाला. इतकं माझ्यासाठी पुढे कुणीच केलं नाही. ह्यांनीसुद्धा नाही, आणि हे मी ह्यांना तोंडावर सांगितलं आहे.

आईने माझे डोळे पुसले, केस सारखे केले आणि चहाचं तबक हातात दिलं. नियम मला पाठ होता. आधी पाहुण्यांचा मान, मग वडीलधाऱ्या काकांचा, घरच्यांना शेवटी. मी मान खाली घालून ओटीवर गेले, पाहुण्यांच्या समोरून सरळ पुढे गेले, आणि पहिला पेला बाबांच्या पुढे ठेवला.